पाच बोटांचे कुटुंब : फ्रीड्रिख फ्रोबेल

बालवाडी हा शब्द आता आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की तो कधी काळी नवा होता हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. कोकणातल्या माणसाला वाडी म्हटले की नारळी-पोफळीची बाग आठवते. मुलांची बाग हाच अर्थ असलेला किंडरगार्टन हा शब्द जर्मनीतल्या एका अठ्ठावन्न वर्षांच्या गृहस्थाने १८४० साली रूढ केला. त्यांचे नाव फ्रीड्रिख फ्रोबेल. बालवर्गातले लाकडी ठोकळे, रंगीत चेंडू, हाताच्या खेळांची गाणी यांचा माग काढीत गेले, तर वाट बहुधा त्यांच्याच दारापाशी पोहोचते.

त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातली एकच गोष्ट आज आपल्यापुढे ठेवावी असे मनात आहे. आई कोण, वडील कोण, आजी कोण, ही माणसे आपली का आणि आपण त्यांचे कोण, हे लहान मुलाला कसे कळते? हे कळावे म्हणून मोठ्यांनी काय करावे? या प्रश्नाचा इतका बारकाईने विचार फ्रोबेल यांच्याआधी फार थोड्यांनी केला होता. आणि ज्याने हा विचार केला, त्याला स्वतःची आई आठवतही नव्हती.

जर्मनीत थुरिंगिया नावाचा डोंगराळ, दाट झाडीचा मुलूख आहे. तेथील ओबरवाइसबाख या गावी २१ एप्रिल १७८२ रोजी फ्रीड्रिखचा जन्म झाला. वडील योहान याकोब फ्रोबेल हे तेथले धर्मोपदेशक. आसपासची अनेक खेडी त्यांच्याकडे होती, हजारो माणसांची लग्ने, बारशी, मर्तिके त्यांनीच पाहायची. सगळ्या गावाच्या घरांत लक्ष घालताना त्यांना स्वतःच्या घराकडे पाहायला सवड उरली नाही. फ्रीड्रिख नऊ महिन्यांचा असताना, १७८३ च्या फेब्रुवारीत, त्याची आई वारली. बाळ मोलकरणींच्या आणि थोरल्या भावांच्या हाती पडले. तेच त्याला उचलीत, तेच भरवीत.

पुढे १७८५ साली वडिलांनी दुसरे लग्न केले. सावत्र आई म्हटले की आपल्या कहाण्यांतून एक ठरावीक चित्र डोळ्यांपुढे येते, म्हणून हे मुद्दाम सांगायला हवे की ही बाई प्रथम वाईट नव्हती. आईच्या मायेला आसुसलेले ते पोर तिला बिलगले आणि तिनेही त्याला जवळ केले. मग तिला स्वतःचा मुलगा झाला. तेव्हापासून सारे पालटले. जर्मन भाषेत जवळच्या माणसाला हाक मारण्याचा एक शब्द आहे, आपल्या तू सारखा. आई मुलाशी त्याच शब्दाने बोलते. या बाईंनी तो शब्द टाकला आणि मुलाशी बोलताना तो, त्याने असे बोलू लागल्या. त्या काळी तिकडे चाकरमाणसांशी असे बोलण्याची रीत होती. समोर उभ्या असलेल्या पोराला तूऐवजी तो म्हणायचे! मराठी कानाला हे नुसते विचित्र वाटेल, पण तू ची किंमत आपण जाणतो. कोणती आई रागावली तरी आपल्या लेकराला अहो म्हणते? आणि म्हटलेच, तर त्या पोराच्या पोटात कसा गोळा येतो! फ्रोबेल यांनी ही गोष्ट पन्नाशीच्या उंबरठ्यावर आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. चाळीस वर्षांनंतरही तो शब्द त्यांच्या कानांतून गेला नव्हता.

वडिलांनी त्याला वाचायला शिकवण्याचा प्रयत्न केला. ते जमले नाही आणि मुलगा मंद आहे असे त्यांचे मत झाले. गावात मुलांची आणि मुलींची शाळा वेगळी होती. वडिलांनी याला मुलींच्या शाळेत घातले. एवढ्या मुलींत हा एकटा मुलगा. पण तेथली शिस्त आणि शांतता त्याला मानवली. मला तर वाटते, पुढे आयुष्यभर त्यांनी मुलींच्या आणि स्त्रियांच्या बुद्धीवर जो भरवसा टाकला, त्याचे बी कदाचित तेथे पडले असेल.

घराला चिकटून उंच चर्च, भोवती कुंपणे, दूर जायची मनाई. अशा घरात एकट्या मुलाने करायचे काय? तो ऐकत बसे. वडिलांकडे गावची माणसे आपली गाऱ्हाणी घेऊन येत. नवरा-बायकोचे बेबनाव, घराघरांतली भांडणे, हे सारे त्या पोराच्या कानी पडे. कुटुंबाचा पहिला पाठ त्याला मिळाला तो असा! माणसाला देवाने बाई आणि पुरुष असे वेगळे केलेच कशाला, त्यातूनच ही सगळी भांडणे उपजतात, असे त्याला वाटू लागले. कोवळ्या मनाला केवढा हा घोर.

त्यातून त्याला सोडवले थोरल्या भावाने. हा क्रिस्टोफ. तो शिकायला बाहेरगावी असे, सुटीत घरी आला की धाकट्याची बाजू घेई. एकदा हेझलच्या झुडपाला फुले आली होती. त्यांतल्या बारीक जांभळ्या तंतूंकडे मुलगा डोळे लावून बसला होता. क्रिस्टोफने त्याला समजावले, की फुलांतही नर-मादी असतात आणि त्यांच्या मेळातूनच फळ धरते. म्हणजे वेगळे असणे हे भांडणाचे मूळ नव्हे, ते सृष्टीच्या व्यवस्थेतले आहे, हे त्या मुलाला त्या दिवशी उमगले. भावाने ना उपदेश केला, ना धर्मग्रंथ उघडला. एक फूल दाखवले. मुलाला मोठी गोष्ट सांगायची असेल तर त्याच्या हाताशी असलेली वस्तू घ्यावी, ही फ्रोबेल यांची सारी पद्धत या प्रसंगात मला दिसते.

दहाव्या वर्षी त्याचे दैव उघडले. आईचे भाऊ हॉफमान हे श्टाटिल्म गावी मोठे धर्माधिकारी होते. ते भाच्याला भेटले, त्याची दशा त्यांनी ओळखली आणि १७९२ साली त्याला आपल्या घरी नेले. मामांचे घर! आपल्याकडे आजोळ या शब्दात जे काही आहे, ते सगळे त्या मुलाला मिळाले. वास्तविक मामांचे घरही मोडलेलेच होते. त्यांची पत्नी गेलेली, मुलगा गेलेला, घरात ते आणि त्यांची म्हातारी सासू अशी दोनच माणसे. पण तेथे विश्वास होता. शाळा सुटल्यावर मुलगा गावभर हुंदडे, चाळीस-पन्नास मुलांत खेळे आणि वेळेवर घरी येई. घर कशाने होते हे त्याला बापाच्या भरल्या घरात कळले नव्हते. दोन दुःखी म्हाताऱ्यांच्या रिकाम्या घरात ते कळले.

(जाता जाता एक सांगते. हल्लीच्या जर्मन भाषेत मामा आणि काका या दोघांना एकच शब्द आहे, तसाच मावशी, आत्या, काकू यांनाही एकच. आपल्या भाषेने प्रत्येकाला वेगळे नाव दिले आहे. मामा म्हटले की आईकडचा, हे मुलाला न शिकवता कळते. हे आपल्या भाषेचे धन आहे. हल्ली सगळेच अंकल आणि आंटी होऊ लागले आहेत, म्हणून एवढे बोलले.)

पुढची वर्षे भरभर सांगते, कारण ती धडपडीची आहेत. पंधराव्या वर्षी ते एका वनाधिकाऱ्याकडे उमेदवारीला राहिले. १७९९ मध्ये भाऊ ट्राउगॉट याला पैसे पोचवायला येना येथील विद्यापीठात गेले आणि तेथेच शिकायला राहिले. हाती आलेल्या पैशांतले त्याच भावाला उसने दिले, ते परत आले नाहीत, आणि खाणावळवाल्याचे देणे थकले म्हणून विद्यापीठाच्या कोठडीत नऊ आठवडे काढावे लागले. वडिलांनी देणे भागवले, पण मुलाने वाटणीवरचा हक्क सोडल्यावर. असे असूनही वडील आजारी पडले तेव्हा हाच मुलगा घरी परतून त्यांचा पत्रव्यवहार पाहू लागला. बापलेकांतली अढी शेवटी गेली. १८०२ मध्ये वडील वारले.

वास्तुशिल्पी व्हायचे म्हणून १८०५ साली ते फ्रांकफुर्टला गेले, पण एका शाळेचे चालक ग्रूनर यांनी त्यांना शिक्षक केले. वर्गात उभे राहताच, पाण्यात मासा सुटावा तसे त्यांना वाटले. त्यानंतर स्वित्झर्लंडमधील थोर शिक्षक पेस्तालोत्झी यांच्याकडे, होल्त्झहाउझेन या घराण्यातल्या तीन मुलांना घेऊन, १८०८ ते १८१० अशी दोन वर्षे त्यांनी काढली. मुलाचे शिक्षण आईपासून सुरू होते हा पेस्तालोत्झींचा विचार तेथे त्यांच्या मनात रुजला. नंतर गटिंगेन आणि बर्लिन येथे त्यांनी स्फटिकांचा अभ्यास केला. १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धात ते स्वयंसेवक झाले. लढाईने त्यांना कीर्ती दिली नाही, पण मिडेनडॉर्फ आणि लांगेथाल हे दोन जन्माचे मित्र दिले. युद्धानंतर बर्लिनच्या खनिज-संग्रहालयात बरी नोकरीही मिळाली.

ती नोकरी त्यांनी सोडली, आणि का सोडली ते पाहण्याजोगे आहे. ज्याने हेझलचे फूल दाखवले तो क्रिस्टोफ युद्धाबरोबर पसरलेल्या तापाने १८१३ मध्ये वारला होता. मागे विधवा भावजय आणि तीन मुलगे. त्यांच्या शिक्षणाचे पाहणारे कुणी नाही. फ्रोबेल उठले आणि ग्रीसहाइम या खेड्यात भावजयीच्या घरी आले. क्रिस्टोफचे तीन मुलगे आणि दुसरा भाऊ क्रिस्टियान याचे दोन, अशा पाच पुतण्यांना घेऊन १३ नोव्हेंबर १८१६ रोजी त्यांनी शाळा उघडली. नाव ठेवले सर्व जर्मनांसाठी शिक्षणसंस्था. विद्यार्थी पाच, तेही घरचे, आणि नाव एवढे मोठे! हसू येते खरे. पण आईवेगळ्या मुलाने बापावेगळ्या मुलांसाठी उघडलेली ती शाळा होती हे कळले, की हसू आवरते.

पुढच्याच वर्षी शाळा काइलहाउ या गावी गेली. मिडेनडॉर्फ आणि लांगेथाल येऊन मिळाले. १८१८ मध्ये फ्रोबेल यांनी बर्लिनच्या विल्हेल्मीना हॉफमाइस्टर यांच्याशी विवाह केला. सुखवस्तू घरातली, विद्वानांची व्याख्याने ऐकलेली ही बाई अर्धवट बांधलेल्या घरात येऊन परक्या मुलांचे कपडे, जेवण, दुखणे पाहू लागली. त्यांना मूल झाले नाही. एर्नेस्टीना ही मुलगी त्यांनी पाळली होती. पुढे तिचे लग्न लांगेथाल यांच्याशी झाले. १८२० मध्ये क्रिस्टियान सहकुटुंब तेथे राहायला आला आणि त्याची एक मुलगी मिडेनडॉर्फ यांना, दुसरी मिडेनडॉर्फ यांचा भाचा बारोप याला दिली. शाळा म्हणून सुरू झालेले ते घर असे सोयरिकींनी विणले गेले. १८२५ च्या सुमारास सरकारी तपासनीस त्सेह यांनी शाळेची पाहणी केली. तेथे राजद्रोह शिकवला जातो अशी कुणकुण होती. या गृहस्थांनी अहवाल दिला तो असा, की येथे साठ माणसांचे एक कुटुंब एकोप्याने नांदताना आपल्याला आढळले.

अहवाल चांगला आला तरी लोकांच्या मनातला संशय गेला नाही. मुले कमी होत गेली, कर्ज वाढले. खरे सांगायचे तर व्यवहार हा फ्रोबेल यांचा प्रांतच नव्हता. चरित्रकार त्यांच्या तत्त्वज्ञानाचे गोडवे गातात, पण शिध्याला पैसे नाहीत अशा घरात रोजचे ताट कुणी भरले, याचा हिशोब मांडत नाहीत. तो हिशोब विल्हेल्मीनाबाईंच्या नावे मांडायला हवा.

१८२६ मध्ये फ्रोबेल यांचा मानवाचे शिक्षण हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतर काही वर्षे ते स्वित्झर्लंडमध्ये होते, बुर्गडोर्फ येथील अनाथालयही त्यांनी चालवले. मोठ्या मुलांना शिकवता शिकवता त्यांना दिसू लागले, की आपण उशिरा पोचतो. सहा-सात वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा पाया घातला गेलेला असतो, आणि तो घालते घर. पण हे कसे करायचे ते घराला कुणी शिकवले आहे? मग त्यांची नजर आईच्या मांडीवरच्या मुलाकडे गेली.

विल्हेल्मीनाबाईंची प्रकृती ढासळल्यामुळे १८३६ मध्ये ते जर्मनीस परतले आणि पुढच्या वर्षी ब्लांकेनबुर्ग येथे त्यांनी खेळाची साधने करायला घेतली. पहिले साधन म्हणजे सहा रंगांचे लोकरीचे चेंडू, दोरीला बांधलेले. दुसरे लाकडी गोल, घन आणि वृत्तचिती. तिसरे आठ लहान घनांत उकलणारा मोठा घन. बाळाच्या हातून चेंडू काढावा, लपवावा, पुन्हा आणावा. गेला, आला. आईसुद्धा अशीच नजरेआड होते आणि परत येते, हा भरवसा बाळाला त्या चेंडूने द्यायचा. १८३९ च्या मे महिन्यात विल्हेल्मीनाबाई वारल्या. किंडरगार्टन हे नाव त्यांच्या कानी पडले नाही.

२८ जून १८४० रोजी किंडरगार्टनची रीतसर स्थापना झाली. त्यासाठी जर्मनीच्या स्त्रियांनी दहा-दहा थालरचे भाग घ्यावेत असे आवाहन फ्रोबेल यांनी केले होते. अपेक्षेइतके भाग खपले नाहीत. दारोदार पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्या आपल्या मंडळाच्या भगिनींना याचे नवल वाटू नये.

आता ज्या पुस्तकासाठी हा लेखनप्रपंच मांडला, त्याकडे येते. १८४४ मध्ये फ्रोबेल यांनी आईची गाणी आणि बाळाचे खेळ यांचे एक पुस्तक काढले. चित्रे फ्रीड्रिख उंगर यांची, चाली रोबर्ट कोल यांच्या. सुमारे पन्नास खेळ. प्रत्येक खेळाला आईसाठी चार ओळी, मुलासाठी गाणे, चित्र, आणि शेवटी आईला समजावून दिलेला अर्थ. हे अर्थ फार लांबलचक आहेत. फ्रोबेल यांना प्रत्येक गोष्टीत विश्वाचे एकत्व दिसे आणि ते सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. दोन पोरांची आई इतके वाचील कधी, असा प्रश्न मला पडला. पण खेळ मात्र असे, की वाचताच करून पाहावेत.

त्यांतला कुटुंबाचा खेळ अगदी साधा. आईने बाळाचा हात आपल्या हाती घ्यायचा आणि एकेका बोटाला घरातल्या एकेका माणसाचे नाव द्यायचे. हे बोट आई, हे वडील, हा भाऊ, ही बहीण आणि हे सगळ्यांत लहान बोट म्हणजे बाळ स्वतः. पाच मिळून एक कुटुंब, जसा पाच बोटांचा एक हात. आजीही या खेळांतून भेटते. दुसऱ्या एका खेळात बोटे मोजून एकेक निजवायची असतात. आपल्याकडे आजी नातवाच्या तळहातावर बोट फिरवून मोराला बसवते, दाणा भरवते, पाणी पाजते. तेव्हा फ्रोबेल यांनी काही जगावेगळे शोधून काढले असे नव्हे. खेड्यापाड्यांतल्या आया मुलांशी कशा खेळतात हे ते पाहत आणि टिपून घेत. आया जे सहज करतात त्याला अर्थ आहे, तो त्यांनी जाणून करावा, एवढेच त्यांचे म्हणणे.

मला यातली खुबी वाटते ती वेगळीच. बोट एकटे काही उचलू शकत नाही, आणि कोणतेही बोट दुसऱ्यासारखे नाही. हे मुलाला तोंडाने सांगावे लागत नाही, त्याच्या हातालाच ते ठाऊक असते. शिवाय यादीत बाळही आहे. आपण मुलाला विचारतो, घरात कोण कोण आहे? मूल आई, बाबा, दादा असे सगळ्यांना मोजते आणि स्वतःला विसरते. फ्रोबेल त्याला स्वतःचे बोट दाखवतात. तूही या घरातला एक. ज्याला तू म्हणायचे आईने सोडले होते, त्याने हे करावे!

बाकीचे खेळही याच धाग्याने ओवलेले. दोन्ही हातांचे घरटे करून अंगठ्यांची पिले आईला बोलावतात. हात उभा धरून खुराडे, बोटांची कबुतरे. ती उडून जातात, संध्याकाळी परत येतात आणि दिवसभर काय पाहिले ते सांगतात. मूल बाहेरून आले की त्याला बसवून घेऊन ऐकावे, हे त्यात आले. मग घराबाहेरची माणसे. टाळ्या वाजवीत पोळी थापायची, पण पोळी येते कुठून? भटारी, पिठाची गिरणी, शेतकरी. घर बांधणारा सुतार. रानात काळाकुट्ट झालेला कोळसे पाडणारा, ज्याच्या कोळशावाचून लोहाराची भट्टी पेटत नाही. आईच्या मांडीवरून निघालेले मूल असे हळूहळू गावापर्यंत पोचते, आणि तोंड काळे असलेल्या माणसालाही आपला म्हणायला शिकते.

या पुस्तकातले घर भरलेले आहे. पाच बोटे, पाच माणसे. पण प्रत्येक मुलाच्या वाट्याला असे घर कुठे येते? आपल्याकडे बालवर्गाच्या भिंतीवर माझे कुटुंब असा तक्ता असतो. आजोबा खुर्चीत, आजी पोथी वाचते, आई स्वयंपाक करते, बाबा कचेरीतून येतात. आणि दर वर्षी समोर बसलेल्या मुलांत एखादे असे असते, की त्याच्या एका बोटाला द्यायला नाव नसते. कुणाची आई नाही, कुणाचे वडील घर सोडून गेलेले, कुणी मावशीकडे वाढते आहे. तक्त्यावर पट्टी ठेवून हे कोण, हे कोण असे विचारत गेले, की ते मूल गप्प होते. बाई पुढच्या मुलाकडे वळतात, पण बाकीच्या मुलांनी त्याच्याकडे पाहिलेले असते.

फ्रोबेल स्वतः असेच मूल होते. त्यांच्या हाताची बोटे मोजायची तर आईच्या जागी नऊ महिन्यांनंतर कुणी नाही, वडील असून नसल्यासारखे. पण भाऊ होता, मामा होते, मामांची म्हातारी सासू होती. म्हणून मला वाटते, त्यांचा खेळ बालवर्गात खेळायचा तो नात्याच्या नावापासून सुरू करू नये, कामापासून करावा. सकाळी तुला उठवते कोण? वेणी कोण घालते? रात्री कुणाच्या कुशीत निजतोस? या प्रश्नांना प्रत्येक मुलापाशी उत्तर असते. मग त्या माणसाचे नाव बोटाला द्यावे. मामा असो, आजी असो, शेजारच्या काकू असोत.

पुस्तकाला उशिराने वाचक मिळाले. मुलांना शिकवायचे ते स्त्रियांनी, आणि त्यासाठी स्त्रियांना रीतसर शिक्षण द्यावे, हा फ्रोबेल यांचा आग्रह होता. ही कल्पना त्या काळच्या मास्तरमंडळींना चमत्कारिक वाटली. इडा झेले ही त्यांच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. ती पुढे डार्मश्टाट येथे बालशाळा चालवू लागली. १८४९ मध्ये लिबेनश्टाइन या हवापालटाच्या गावी हे साठी उलटलेले गृहस्थ खेडुतांच्या पोरांबरोबर फेर धरून नाचत. लोक त्यांना म्हातारा वेडा म्हणत. तेथेच बर्टा फॉन मारेनहोल्त्झ-ब्यूलो या सरदार घराण्यातल्या बाईंनी त्यांना पाहिले, आणि त्या वेड्यात काय आहे ते ओळखले.

१८५१ च्या जूनमध्ये फ्रोबेल यांनी आपली विद्यार्थिनी लुइझा लेविन यांच्याशी विवाह केला. त्या तेहेतीस वर्षांनी लहान. नातेवाइकांत नाराजी झाली. त्यानंतर दोन महिन्यांनी, ७ ऑगस्टला, प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. कारण काय? कार्ल फ्रोबेल नावाच्या लेखकाने मुलींच्या उच्च शिक्षणावर आणि किंडरगार्टनवर एक पुस्तिका लिहिली होती. तीत नास्तिकपणा आणि समाजवाद आहे असे मंत्री राउमर यांना वाटले, आणि दोघा फ्रोबेलांना त्यांनी एकाच मापाने मोजले. हा कार्ल म्हणजे क्रिस्टोफचा मुलगा. ग्रीसहाइमच्या घरात ज्या पाच पुतण्यांना घेऊन शाळा उघडली, त्यांतला एक. काकांनी सरकारला लिहून खुलासा केला, तो कुणी ऐकला नाही. कुटुंबाचे नाव वाटून घ्यावे लागते, त्याबरोबर त्याचे भोगही वाट्याला येतात.

मारिएनथाल येथे १८५२ च्या एप्रिलमध्ये मुलांनी आणि विद्यार्थिनींनी त्यांचा सत्तरावा वाढदिवस साजरा केला. पुढच्या महिन्यात गोथा येथे शिक्षकांचे संमेलन भरले होते. फ्रोबेल आत आले तेव्हा सारी सभा उठून उभी राहिली. २१ जून १८५२ रोजी ते वारले. श्वाइना येथे त्यांची समाधी आहे. खाली घन, त्यावर वृत्तचिती, त्यावर गोल, अशी बाळाच्या खेळण्यांचीच ती रचना मिडेनडॉर्फ यांनी सुचवली.

बंदी उठली १८६० मध्ये. त्यामागे मारेनहोल्त्झबाईंची खटपट होती. तोवर किंडरगार्टन देशाबाहेर पडले होते. १८५६ मध्ये अमेरिकेत वॉटरटाउन येथे मार्गारेट शुर्त्स या जर्मन बाईंनी आपल्या आणि नात्यागोत्यातल्या मुलांसाठी ते घरातच सुरू केले. तीस वर्षांनी आपल्या पंडिता रमाबाई अमेरिकेस गेल्या, तेव्हा फिलाडेल्फिया येथे त्यांनी ही पद्धत शिकून घेतली. ज्यांना घरात कुणी आपले म्हणत नाही अशा विधवा भगिनींना ती शिकवावी आणि त्यांनी पोरांच्या शिक्षिका व्हावे, हा त्यांचा हेतू होता. १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन उघडणाऱ्या रमाबाईंनी स्वतःचे आईवडील, बहीण आणि भाऊ तरुणपणीच गमावले होते.

लुइझाबाई पतीच्या मागे अठ्ठेचाळीस वर्षे जगल्या. त्या हाम्बुर्ग येथे राहिल्या, तेथे बालशाळांच्या शिक्षिका तयार करीत राहिल्या आणि १९०० साली वारल्या. त्यांनाही मूलबाळ नव्हते.